चौथ्या फेरीतल्या चुका

पहिल्याच दिवशी निकिताला उशीर झाला. तोही थोडाथोडका नाही, चांगली बारा मिनिटं! डिसेंबरातली सकाळ... भिंगारच्या त्या मैदानावर धुकं असं उतरलं होतं की समोरचं चिंचेचं झाडसुद्धा अंदाजानेच ओळखायचं. स्कूटी कशीबशी लावून, ओढणीने नाक पुसत ती धावतच आत शिरली आणि एका माणसावर जवळजवळ आदळलीच.

"अगं बाई! सॉरी हं... दिसलंच नाही हो मला!"

तो माणूस दोन पावलं मागे सरकला. उंच, सावळा, गळ्याला तपकिरी मफलर. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी स्वच्छ, नम्र इंग्रजीत म्हणाला, "माफ करा. या मैदानावर मराठी बंद आहे."

घ्या! थंडीने दात वाजतायत, पोटात चहाचा घोट नाही, आणि हा बाबा साहेबासारखा उभा. निकिताला हसूही आलं आणि रागही. आता इथून पुढे मैदानावर ही दोघं जे काही बोलतील ते सगळं इंग्रजीतलं, बरं का. मी आपलं तुम्हाला मराठीत सांगते.

"तुमचा जोडीदार?" तिने शब्द जुळवत विचारलं.

"कालच सोडून गेला. तुमचा?"

"मला अजून मिळालेलाच नाही."

"मग देवाचीच इच्छा दिसते," तो म्हणाला. लगेच ओशाळून पुढे म्हणाला, "म्हणजे... सरांची. जोड्या सर लावतात."

सर म्हणजे ज्ञानेश्वर सर. कॅन्टोन्मेंटमधल्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून ही फेरी काढली. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्यांना ए-बी-सी-डीपासून शिकायचंय त्यांच्यासाठी नगरात पैशाला पासरी क्लास आहेत. ज्यांना सगळं येतं, पुस्तकं वाचता येतात, पानंच्या पानं लिहिता येतात, पण तोंड उघडायची वेळ आली की दातखीळ बसते, अशांनी इथे यावं आणि रोज बोलावं. फी नाही. बारा माणसं, सहा जोड्या, सकाळी साडेसहाला मैदानाला चार फेऱ्या. पहिल्या फेरीत काल काय घडलं ते सांगायचं. दुसरीत चिठ्ठीत निघेल त्या विषयावर बोलायचं. तिसरीत भांडायचं, म्हणजे मुद्देसूद वाद घालायचा. आणि चौथीत चुका! जोडीदाराने खिशातल्या वहीत आपल्या चुका टिपलेल्या असत, त्या तो वाचून दाखवी. त्यावर रुसायचं नाही, हा नियम.

आणखी एक नियम होता, तो निकिताला नंतर कळला. एखादा माणूस बोलण्यात पक्का झाला, असं सरांना वाटलं की एका रविवारी सगळ्यांसमोर त्याची परीक्षा. उत्तीर्ण झाला की हातात नारळ द्यायचा आणि मैदानाबाहेर काढायचं. बाहेर वीस माणसं जागेची वाट बघत असायची ना!

निकिता नागापूरच्या एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत होती, क्वालिटी विभागात. तिचे ईमेल इतके नेटके की साहेब तेच पुढे आपल्या नावाने पाठवायचे. पण परदेशी ग्राहक समोर उभा राहिला की हिची गाडी 'येस सर'च्या पुढे हलायची नाही. मागच्या भेटीत ती अकरा वेळा 'येस सर' म्हणाली, त्यातल्या चार ठिकाणी 'नो' म्हणायला हवं होतं! आता त्या ग्राहकांची सगळी देखभाल करणारी एक नवी जागा निघाली होती. मुलाखत फेब्रुवारीत. जागा हवी तर जीभ सुटायला हवी.

आणि तो मफलरवाला? त्याचं नाव कानिफनाथ. पाथर्डीकडचा. इंग्रजीत एम.ए., पहिला वर्ग. भिंगारच्या पोस्टात खिडकीवर बसायचा आणि कॉलेजात प्राध्यापक व्हायची स्वप्नं बघायचा; पण मुलाखतीला चार माणसं समोर बसली की त्याचीही दातखीळ बसायची.

"इतकं चांगलं बोलायला कुणाकडे शिकलात?" तिसऱ्या की चौथ्या दिवशी निकिताने विचारलं.

"हौशा आणि सर्जाकडे."

"कोण हे?"

"आमचे बैल. आईवडील ऊस तोडायला जायचे, सुट्टीत मीही त्यांच्यामागे. गाडी हाकताना पुस्तकातलं पाठ केलेलं मोठ्याने म्हणायचो. त्यांनी कधी चूक काढली नाही."

"म्हणूनच इतक्या राहिल्यात!"

तो मनापासून हसला. त्या धुक्यात त्याचे दात तेवढे स्पष्ट दिसले, आणि निकिताला उगाचच वाटलं की आज थंडी जरा कमी आहे.

तिसरी फेरी दोघांची लाडकी. चहात बिस्किट बुडवावं की नाही, यावर दोघं एकदा असे भांडले की पुढची जोडी वळून बघायला लागली. मग एके दिवशी चिठ्ठीत विषय निघाला — लग्नाआधी माणसाला किती ओळखावं?

"रोज एक कप चहा, असे हजार दिवस," कानिफनाथ म्हणाला.

"हजार दिवस! तोवर त्या मुलीचं दुसरीकडे लग्न होऊन तिची मुलं बालवाडीत जातील."

"बरं... पाचशे."

"अजून कमी करा."

"आपण काय भाजी घेतोय का?"

"घासाघीस करायला मी घाबरत नाही. बोला, शेवटचे किती?"

तो थांबला. बूट नीट करायच्या निमित्ताने खाली वाकला आणि तसाच वाकलेला असताना म्हणाला, "आपले आज किती झाले?"

"एकोणतीस," निकिता म्हणाली. लगेच जीभ चावली... मोजतेय, हे सांगायची काय गरज होती? त्याने वर बघितलं नाही, पण त्याचे कान लाल झालेले तिला दिसले. थंडीनेही होतात म्हणा. पण थंडीने असे होत नाहीत.

एक गोष्ट मात्र तिला खटकायची. फेरी संपली की मैदानाबाहेरच्या टपरीवर सगळे चहाला थांबायचे, आणि तासभर कोंडलेली मराठी एकदम सुटायची. नुसता कलकलाट! कानिफनाथ तेवढा गप्प. चहावाल्याला दोन बोटं दाखवायची, एक कप निकिताच्या हातात द्यायचा, हसायचं, आणि सायकलवर टांग मारून पसार. एकदा तिने टपरीवर मुद्दाम मराठीत विचारलं, "तुम्हाला मराठी येते ना हो?" त्याच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर विझलं. "उशीर होतोय," तो इंग्रजीतच म्हणाला आणि निघून गेला.

फेब्रुवारी आला. एका बुधवारी सर जवळ येऊन म्हणाले, "निकिता, तू तयार आहेस. सोमवारी तुझी मुलाखत ना? रविवारी तुझी परीक्षा घेतो. पास झालीस की नारळ."

शेजारची जोडी टाळ्या वाजवायला लागली. निकिता मात्र दिवस मोजायला लागली. नारळ म्हणजे सोमवारपासून मैदान बंद. ही साडेसहाची वेळ बंद, तिसरी फेरी बंद... आणि हा? याच्याशी ती कुठे, काय म्हणून बोलणार? पोस्टाच्या खिडकीवर रोज तिकिटं घेणार? तो तर आजवर मैदानाबाहेर तिच्याशी एक वाक्य धड बोलला नव्हता. तिने त्याच्याकडे बघितलं. तो वहीत काहीतरी लिहीत होता, आणि लिहिण्यासारखं तर कुणी काही बोललंच नव्हतं.

आणि मग या शहाण्या मुलीने काय करावं? गुरुवारी तिने चुका करायला सुरुवात केली! काल मी जाते, उद्या मी गेले, तो आली — पाचवीतलं पोरही करणार नाही अशा ढोबळ चुका. शुक्रवारी तर तिने कहर केला. दुसऱ्या फेरीत तीन वेळा अडखळली, तिसऱ्या फेरीत वादच हरली, आणि तोंड इतकं भाबडं की जणू साता जन्मांत इंग्रजी ऐकलं नव्हतं. सरांनी दुरून कपाळाला आठ्या घातल्या. निकिताचा जीव भांड्यात पडला. आता रविवारची परीक्षा पुढे जाणार, नक्की जाणार.

चौथी फेरी सुरू झाली. कानिफनाथने वही काढली, उघडली... आणि मिटली.

"वाचत का नाही?"

"काय वाचू? या चुका तुमच्या नाहीत."

"म्हणजे?"

"तुमच्या चुका मला पाठ आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "घाई झाली की तुम्ही वाक्याचा शेवट खाता. घाबरलात की दर चार शब्दांनी 'ॲक्च्युअली' म्हणता. खोटं बोलायचं असलं की फार बरोबर बोलता. काल आणि आज जे केलंत ते तुमचं नाही. कुणाचंतरी उसनं आणलंय."

निकिताला तोंडात मारल्यासारखं झालं. दोन महिने एवढं लक्ष देऊन तिला कुणी ऐकलं होतं? घरीसुद्धा नाही.

"मग?" ती फणकारली. "मला इथून घालवायची एवढी घाई झालीय तुम्हाला?"

"तुमची सोमवारी मुलाखत आहे."

"ते मी बघेन!"

"चुकीचं बोलायची सवय लागते, निकिता. रविवारी नापास झालात तर सोमवारी हिंमत राहणार नाही. माझी जोडीदार गेली तरी चालेल मला..." इथे त्याचा आवाज जरा घसरला. "पण ती माझ्यामुळे पडली असं नको."

"तुमच्यामुळे? तुमच्यामुळे कोण म्हणालं?"

त्याने वही खिशात घातली. रुसायचं नाही हा नियम, पण ती तरातरा पुढे गेली, टपरीवर थांबलीही नाही, आणि घरी जाऊन आईवर विनाकारण खेकसली.

शनिवारी कानिफनाथ आलाच नाही. एकसष्ट दिवसांत पहिल्यांदा! सरांनी तिला दुसऱ्या जोडीत तिसरी म्हणून घातलं. तिला चारही फेऱ्या संपता संपेनात. आजारी असेल? रागावला असेल? की सुटलो एकदाचा, म्हणून झोपला असेल? कंपनीत अर्ध्या दिवसाची रजा टाकून साडेअकराला ती थेट पोस्टात जाऊन थडकली. हातात एक रिकामं पाकीट होतं, निमित्त म्हणून.

आत रांग होती. खिडकीवर काठी टेकवून एक म्हातारी उभी होती, आणि खिडकीच्या पलीकडून आवाज येत होता —

"दगडाबाय, आगं आंगठा हितं. रेघंच्या आत ठिव. भाईर ग्येला तर सायेब तुला न्हाई, मला आत टाकत्याल! ...आस्सं. आता कसं झ्याक झालं. पैसं दुपारच्या वक्ताला नगं न्हेऊ, नातवाला संगं घे. आन् गुडघा कसा हाय? त्याल लावतीस का नुसतंच म्हंतीस?"

म्हातारी खुदखुदली. सगळी रांग हसत होती. निकिता जागच्या जागी उभी राहिली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता, पण माणूस ओळखीचा नव्हता. मैदानावरचा कानिफनाथ तोलून मापून बोलायचा, दर वाक्याआधी क्षणभर थांबायचा. हा तर कसा मोकळा, खट्याळ, मायेने भरलेला! तिला त्या म्हातारीचा चक्क हेवा वाटला. आपल्याशी का नाही हा असं बोलत? आणि त्याच क्षणी तिला लख्ख कळलं की आपण याच्या प्रेमात पडलोय. काल नाही, परवा नाही, केव्हाच पडलोय. आता त्यातून निघायची इच्छासुद्धा नाही.

तिचा नंबर आला. त्याने मान वर केली, आणि चेहरा असा झाला की जणू चोरी पकडली गेलीय.

"येस मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला. "मी आपली काय मदत करू शकतो?"

दगडाबाई अजून बाजूलाच पैसे कनवटीला लावत होती. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आरं, ह्या पोरीसंगं कलेक्टरावानी काय बोलाया लागलास? माज्यासंगं तर बरा हुतास!"

रांगेत हशा पिकला. कानिफनाथने शेजारच्या सहकाऱ्याला खिडकी सांभाळायला सांगितली आणि तो बाहेर आला. लाल पेटीपाशी दोघं उभी राहिली. मध्ये दोन हात अंतर.

"आज का नाही आलात?" निकिताने मराठीत विचारलं.

"भीती वाटली," तो इंग्रजीत म्हणाला. "तुम्ही मुद्दाम चुकाल आणि मला बरं वाटेल, याची."

तिने हातातल्या पाकिटाची घडी घातली. मग म्हणाली, "आत बोलत होतात तसं माझ्याशी का नाही बोलत?"

तो पेटीच्या झाकणाशी चाळा करायला लागला. "नगरला कॉलेजात आलो तेव्हा वसतिगृहातली मुलं माझं बोलणं मला म्हणून दाखवायची. मी वर्गात उत्तर द्यायला उठलो की मागून हाय, न्हाई, व्हय... सगळा वर्ग हसायचा. मग ठरवलं, बोलायचं तर इंग्रजीत. इंग्रजीत सगळेच पाहुणे असतात. तिथे कुणी कुणाला गावंढळ म्हणत नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही सावेडीच्या, शहरातल्या. तुम्ही हसला असतात तर मला सोसलं नसतं."

"मी हसेन असं वाटलं तुम्हाला?"

"हसाल असं नाही... हसलात तर, असं वाटलं."

"उद्या या," ती एवढंच म्हणाली. "मी नीट बोलणार आहे. ऐकायला या."

रविवारी बाराही जणं चिंचेखाली गोल करून बसली. सरांच्या पायाशी नारळ. कानिफनाथ आला होता, सगळ्यांच्या मागे, मफलर नाकापर्यंत ओढून.

"विषय नेहमीचाच," सर म्हणाले. "तुझ्या जोडीदाराची ओळख करून दे. पंधरा मिनिटं."

निकिता उठली. अडखळली तर अजून महिनाभर हे मैदान तिचं होतं. नीट बोलली तर आजच शेवट. तिने एकदा मागे बघितलं आणि बोलायला लागली.

"हा कानिफनाथ. एकसष्ट दिवस आम्ही सोबत चाललो. त्याने माझ्या तीनशेच्या वर चुका काढल्या आणि एकदाही मला लहान वाटू दिलं नाही. हा गाडीवर बसून बैलांना इंग्रजी ऐकवायचा. याला चहात बुडवलेलं बिस्किट चालत नाही, आणि याबाबतीत तो साफ चुकतोय." सगळे हसले. ती थांबली, श्वास घेतला. "गुरुवारी आणि शुक्रवारी मी मुद्दाम चुकले. मला पास व्हायचं नव्हतं. पास झाले की याच्यासोबत चालता येणार नाही, म्हणून. याने ते पकडलं आणि मला माझं खरं बोलणं परत दिलं, स्वतःचं नुकसान होत असताना. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. काल मी त्याला त्याच्या भाषेत बोलताना ऐकलं. माझी एकच तक्रार आहे. तो माणूस त्याने दोन महिने माझ्यापासून लपवून ठेवला. मला तोही हवाय. मला दोघंही आवडतात... खूप आवडतात. आणि हे सांगताना मी एकदाही 'ॲक्च्युअली' म्हटलेलं नाही."

पुढची दहा मिनिटं सरांनी आडवेतिडवे प्रश्न विचारले आणि तिने धडाधड उत्तरं दिली. पण ती कुणाच्या लक्षात राहिली असतील तर शपथ! सगळी डोकी आळीपाळीने मागे वळत होती. शेवटी सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"एकही चूक नाही," ते म्हणाले आणि नारळ तिच्या हातात ठेवला.

झालं. संपलं. टाळ्या वाजल्या, निकिताने सरांना वाकून नमस्कार केला आणि नारळ छातीशी धरून ती फाटकाकडे निघाली. नियम म्हणजे नियम. डोळ्यांत पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"थांबा की वाईच!"

कानिफनाथ उठून उभा होता. मफलर खाली आला होता. नियम माहीत असून मैदानावर पहिल्यांदाच कुणीतरी उघडउघड मराठीत बोललं होतं, आणि ज्ञानेश्वर सर... सर एकदम चिंचेच्या शेंड्याकडे बघायला लागले, जणू तिथे काही विशेष आहे.

तो तिच्यापाशी आला. एक हात अंतर राहिलं.

"निकिता, म्या राती लई येळ बसून इंग्रजीत लिवलं हुतं. चांगली दोन पानं. पर त्ये वाचलं आन् वाटलं, ह्ये दुसऱ्याच कुनी लिवलंय. माज्या आईला बी वाचून दावता यायचं न्हाई..." त्याने कपाळावरचा घाम पुसला. फेब्रुवारीच्या त्या गार सकाळी! "मला तुमी लई आवडता. लई म्हंजी... लईच. मला ह्ये असंच म्हनता येतं. ह्याच्याहून चांगलं न्हाई येत."

निकिता नुसती त्याच्याकडे बघत राहिली. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तो घाबरला. "चुकलं का काय माजं?"

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही चुकलं. पुन्हा एकदा म्हणा."

आणि त्याने पुन्हा म्हटलं, या खेपेला जरा मोठ्याने.